रोगही प्रतिपिंड, औषधही प्रतिपिंड

कोकणातल्या माणसाची प्रतिपिंडांशी ओळख झाली ती सापामुळे. रत्नागिरीचे सडे, जांभ्याचे कातळ, गवताचे भारे आणि पायवाटेकडेचे दगड ही फुरशाची आवडती ठिकाणे. इंग्रजी अमलात या जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे, इतका त्याचा उपद्रव होता. आज फुरसे चावलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात जी 'सापाची लस' टोचतात, ती खरे पाहता लस नव्हे. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते. सापाच्या औषधात दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे असतात आणि तो दुसरा म्हणजे घोडा. त्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाच्या अगदी थोड्या, पण चढत्या मात्रा देतात. काही काळाने त्याच्या रक्तात त्या विषांना धरणारी प्रथिने साठतात. रक्त काढून, गाळून, शुद्ध करून ती कुपीत भरतात. परळच्या हाफकिनचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले त्यात या कुपीचा वाटा मोठा आहे.

या लेखाचा विषय साप नाही. 'मल्टिपल मायलोमा' हा रक्ताचा कर्करोग आणि त्यावरची 'मोनोक्लोनल अँटिबॉडी' नावाची औषधे हा आहे. पण त्या औषधांची गोष्ट घोड्याच्या रक्तापासून सुरू केली की नीट समजते.

एक आवाज आणि अनेक आवाज

आपल्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरात, प्लाझ्मा पेशी असतात. प्रतिपिंडे तयार करणे हेच त्यांचे काम. प्रत्येक प्लाझ्मा पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड तयार करते. मात्र अशा असंख्य पेशी निरनिराळ्या वंशांतून आलेल्या असल्यामुळे रक्तात लाखो प्रकारांची मिसळ असते. सापाच्या औषधातही तशीच मिसळ असते. विषाच्या एकाच रेणूला घोड्याची अनेक प्रतिपिंडे वेगवेगळ्या जागी पकडतात. अशा मिश्रणाला 'पॉलिक्लोनल', म्हणजे अनेक पेशीवंशांचे, म्हणतात.

रक्तद्रवातली प्रथिने विजेच्या प्रवाहात एका पट्टीवर पसरवण्याची एक तपासणी आहे, इलेक्ट्रोफोरेसिस. निरोगी माणसात प्रतिपिंडांच्या जागी पसरट टेकाड दिसते. गणपतीच्या आरतीत वाडीतले पन्नास गळे एकत्र लागावेत, तसा हा भरलेला आवाज असतो. मायलोमात मात्र प्लाझ्मा पेशींचा एकच वंश बेसुमार वाढतो आणि त्या वंशाचे एकच प्रतिपिंड रक्तात भरून राहते. मग टेकाडाच्या जागी एक अरुंद, उंच सुळका उभा राहतो. डॉक्टर त्याला 'एम प्रोटीन' म्हणतात. आरतीत एकच माणूस ध्वनिक्षेपक लावून ओरडू लागला आणि बाकीचे गळे दबून गेले, अशी ही अवस्था. म्हणूनच या रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असूनही त्यांना न्यूमोनियासारखे जंतुसंसर्ग सहज होतात. जे प्रतिपिंड भरपूर आहे त्याचा उपयोग नसतो आणि उपयोगाची असतात ती कमी पडतात.

या प्रथिनाचा पहिला सुगावा लागला १८४५ मध्ये लंडनमध्ये. हाडांच्या असह्य वेदनांनी त्रस्त झालेल्या एका किराणा व्यापाऱ्याची लघवी तपासणीसाठी हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ डॉक्टरांकडे आली. ती तापवली की साका धरत असे, उकळली की साका विरघळत असे आणि निवली की पुन्हा धरत असे. अंड्यातला पांढरा बलक उकळल्यावर घट्ट होतो तो पुन्हा पातळ होत नाही. म्हणजे हे काही वेगळेच प्रथिन होते. त्याचे कोडे सुटायला ११७ वर्षे लागली. १९६२ मध्ये जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवले, की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचाच एक सुटा तुकडा, त्याची 'हलकी साखळी'. प्रतिपिंडाची रचना उलगडल्याबद्दल एडलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चे नोबेल मिळाले. या कामी मायलोमाच्या रुग्णांचा मोठा हातभार लागला. निरोगी माणसाच्या रक्तातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड वेगळे काढणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. मायलोमाचा रुग्ण मात्र तेच प्रतिपिंड ग्रॅमच्या हिशेबात तयार करत होता.

रोगाच्या पेशीने दिलेले हत्यार

एकाच प्रकारचे, हवे तेच आणि हवे तेवढे प्रतिपिंड मिळाले तर? घोड्याच्या मिश्रणावर अवलंबून राहावे लागणार नाही आणि हव्या त्या एका रेणूवरच नेम धरता येईल. अडचण अशी होती, की प्रतिपिंड तयार करणारी निरोगी पेशी काचेच्या भांड्यात थोड्या दिवसांत मरते. मायलोमाची पेशी मरत नाही, पण ती आपल्याला नको असलेले प्रतिपिंड तयार करते.

केंब्रिजमध्ये सेझार मिल्स्टाइन आणि गेऑर्ग कोहलर यांनी या दोन पेशींचा संकर केला. त्यांनी उंदराला मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. त्या उंदराच्या प्लीहेतल्या, मेंढीच्या पेशी ओळखणाऱ्या पेशी घेतल्या आणि त्या उंदराच्या मायलोमा पेशींशी जुळवल्या. मग सगळे मिश्रण अशा पोषक द्रावात ठेवले, की त्यात निव्वळ मायलोमा पेशी जगू शकत नाहीत. प्लीहेच्या पेशी तर आपोआप मरणारच होत्या. उरला तो संकर. त्याला एका पालकाकडून नेमके प्रतिपिंड मिळाले आणि दुसऱ्याकडून अमरत्व. हा शोधनिबंध ऑगस्ट १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. त्याचे पेटंट घेतले गेले नाही आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली. १९८४ मध्ये या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे एकाच वंशाची बेसुमार वाढ हा जो मायलोमाचा दोष, त्यावरच मोनोक्लोनल प्रतिपिंडांची सारी विद्या उभी राहिली. आज दमा, संधिवात, स्तनांचा कर्करोग, सोरायसिस अशा कितीतरी आजारांवर ही औषधे चालतात आणि त्यांच्या नावाच्या शेवटी बहुधा 'मॅब' असते. गंमत अशी, की जिच्यापासून हे हत्यार घडले त्या मायलोमावरच ते चालवायला पुढे चाळीस वर्षे जावी लागली.

त्याची दोन कारणे होती. पहिले सापाच्या औषधाने आधीच शिकवले होते. घोड्याचे प्रथिन माणसाला परके, त्यामुळे ते टोचल्यावर अंगावर पित्त उठणे, ताप, सांधेदुखी असे प्रकार होतात. उंदराच्या प्रतिपिंडांचेही तेच. १९८६ मध्ये मूत्रपिंडाचे रोपण टिकवण्यासाठी अमेरिकेत पहिल्या मोनोक्लोनल औषधाला परवानगी मिळाली, ते निव्वळ उंदराचे होते आणि रुग्णांची शरीरे त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू लागली. मग उंदराचा अंश टप्प्याटप्प्याने कमी करत नेला गेला. १९९७ चे रिटुक्सिमॅब हे उंदीर आणि माणूस यांचे मिश्र होते. पुढे माणसाची प्रतिपिंड-जनुके बसवलेले उंदीर तयार झाले आणि पूर्णपणे मानवी प्रतिपिंडे मिळू लागली. दुसरे कारण नेम धरण्याचे. मायलोमा पेशीवर ठळकपणे असेल आणि इतर महत्त्वाच्या पेशींवर कमी असेल, असा रेणू हवा होता. तो मिळाला 'सीडी ३८' या नावाने. प्लाझ्मा पेशींवर तो दाट असतो.

सीडी ३८ ला धरणारे डाराटुमुमॅब नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते पेशीला चिकटले की शरीरातल्या मारेकरी पेशींना आणि भक्षक पेशींना खूण पटते आणि त्या तिचा फडशा पाडतात. आधी ते सगळे उपाय थकलेल्या रुग्णांना दिले जाई, नंतर ते पहिल्या उपचारातच आले. प्रत्यारोपण न झेपणाऱ्या ७३७ रुग्णांच्या 'माया' नावाच्या चाचणीत लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन या जोडीला डाराटुमुमॅबची साथ दिली. पाच वर्षांनी साथ मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के हयात होते, न मिळालेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के. रोग पूर्ण बरा होतो असे याही औषधाने म्हणता येत नाही, पण आयुष्याची वर्षे वाढतात हे नक्की. प्लाझ्मा पेशींचाच दुसरा विकार अमायलॉइडोसिस. त्यात प्रतिपिंडाच्या हलक्या साखळ्या हृदयात आणि मूत्रपिंडात साचून राहतात. त्यावरही २०२१ पासून हेच औषध मान्य झाले आहे.

प्रयोगशाळेतला घोटाळा

रोग आणि औषध एकाच जातीचे असण्याचा एक परिणाम असा होतो, की ज्या तपासण्या प्रतिपिंडे शोधतात त्यांना दोन्हींतला फरक कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर डाराटुमुमॅब स्वतःच एका बारीक सुळक्यासारखे दिसू शकते. रोग आटोक्यात आलेला असतो, पण तपासणीत तो शिल्लक दिसतो.

दुसरा घोटाळा रक्तपेढीत होतो आणि तो जास्त गंभीर आहे. मायलोमाच्या रुग्णाला रक्ताची गरज वारंवार पडते. रक्त देण्याआधी रुग्णाच्या रक्तद्रवात दात्याच्या पेशींविरुद्ध काही आहे का, हे १९४५ मध्ये शोधलेल्या कूम्ब्स पद्धतीने पाहतात. दात्याच्या तांबड्या पेशींना चिकटलेले मानवी प्रतिपिंड ही पद्धत उघड करते. आता तांबड्या पेशींवरही थोडे सीडी ३८ असतेच. त्यामुळे रुग्णाच्या रक्तातले डाराटुमुमॅब तपासणीच्या वेळी प्रत्येक दात्याच्या पेशीला चिकटते आणि एकही पिशवी जुळत नाही असा निकाल येतो. शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांपर्यंत असे होऊ शकते.

महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांना 'एकही पिशवी जुळत नाही' हे वाक्य नवे नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच 'बॉम्बे' रक्तगट. या लोकांच्या तांबड्या पेशींवर 'एच' हा पायाभूत प्रतिजनच नसतो आणि रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंड जन्मजात असते. वरवरच्या तपासणीत त्यांचा गट 'ओ' वाटतो, पण ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. कोकणातल्या कुटुंबांतही हा गट आढळलेला आहे. त्या रुग्णांत न जुळणारी पिशवी हा खरा इशारा असतो. डाराटुमुमॅब घेणाऱ्यात तो पुष्कळदा खोटा इशारा असतो. तंत्रज्ञाला औषधाची माहितीच नसेल तर तो दोन्हींकडे सारख्याच भीतीने पाहणार आणि रुग्ण रक्तावाचून थांबणार.

उपाय साधा आहे. डायथायोथ्रेइटॉल हे रसायन दात्याच्या पेशींवर वापरले की त्यांच्यावरचे सीडी ३८ मोडते आणि खरी तपासणी होऊ शकते. या रसायनाने 'केल' गटाचे प्रतिजनही मोडतात, म्हणून केल नसलेले रक्त देतात. भारतात बहुतेकांच्या रक्तात केलचा 'के' प्रतिजन नसतोच, त्यामुळे असे रक्त मिळणे कठीण जात नाही. रुग्णाचा ए, बी, ओ गट आणि आरएच या औषधाने बदलत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. त्यामुळे अगदी निकडीच्या वेळी काय करायचे याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. सगळ्यात सोपे म्हणजे औषधाच्या पहिल्या मात्रेआधीच रुग्णाच्या रक्तगटाची सविस्तर नोंद करून ठेवणे आणि डाराटुमुमॅब चालू असल्याचे कार्ड रुग्णाच्या खिशात असणे. रुग्ण मुंबईत औषध घेतो आणि तीन आठवड्यांनी रत्नागिरीत किंवा चिपळूणला अपघात होऊन दाखल होतो. तिथल्या रक्तपेढीला ते कार्ड दिसले पाहिजे.

कंबरदुखीपासून परळपर्यंत

ही सारी प्रगती ज्याच्यासाठी झाली त्या माणसापर्यंत ती पोहोचते का? रत्नागिरी जिल्ह्यात याचे उत्तर दोन ठिकाणी अडते.

पहिला अडसर निदानाचा. मायलोमाची लक्षणे फसवी असतात: कंबर आणि पाठ दुखणे, बरगडी दुखणे, थकवा, धाप, भूक मंदावणे. शेतात आणि बागेत राबलेल्या, साठीला आलेल्या माणसाला यातले काहीही झाले तरी कोणाला नवल वाटत नाही. पाश्चात्त्य देशांत हा रोग सरासरी सत्तरीच्या आसपास सापडतो, तर भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत तो त्याच्या दहा-बारा वर्षे आधी दिसतो. कंबरेसाठी महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या चालू राहतात. याच गोळ्या मायलोमाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर घाला घालतात. अनेकांचे निदान शेवटी मूत्रपिंडे बिघडल्यावर किंवा मणका खचल्यावर होते.

निदानाचा धागा हाती लागायला महागड्या तपासण्या लागत नाहीत. हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन, कॅल्शियम, एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन यांच्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात. एकूण प्रथिने जास्त आणि अल्ब्युमिन सामान्य किंवा कमी दिसले, तर उरलेली प्रथिने कसली हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तिथून पुढची पायरी इलेक्ट्रोफोरेसिस. इथे एक सूचना. लघवीत बुडवून रंग पाहायची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. बेन्स जोन्स प्रथिन तिला दिसत नाही, म्हणून पट्टी कोरी आली तरी निर्धास्त होऊ नये. त्याचबरोबर सुळका दिसला म्हणजे कर्करोगच, असेही नाही. पन्नाशीपुढच्या सुमारे तीन टक्के लोकांत लहानसा सुळका आढळतो, असे अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. त्यातल्या वर्षाला सुमारे एक टक्का लोकांतच तो पुढे मायलोमा किंवा तत्सम रोगात बदलतो. अशांना औषध लागत नाही, ठरावीक काळाने तपासणी लागते.

दुसरा अडसर अंतराचा आणि पैशाचा. रत्नागिरीकर आणि परळ यांचे नाते जुने आहे. गिरणगावात चाकरमानी म्हणून गेलेल्या पिढ्यांनी ते बांधले. टाटा मेमोरियल १९४१ पासून तिथेच आहे, केईएम आणि हाफकिनही हाकेच्या अंतरावर. गावातल्या माणसाला कर्करोग झाला की 'टाटा'ला न्यायचे, हे आजही ठरलेले असते. पण डाराटुमुमॅबच्या रूढ वेळापत्रकात पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, नंतरचे सोळा आठवडे दर पंधरवड्याला आणि पुढे दर चार आठवड्यांनी एक मात्रा असते. पहिल्या सहा महिन्यांत सोळा, वर्षात तेवीस. रत्नागिरी ते मुंबई हे सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर, जाऊन-येऊन, सोबतीला घरचे एक माणूस आणि मुंबईत राहण्याची सोय. हा हिशेब मांडला की ज्याला औषध परवडते त्यालाही प्रवास परवडेलच असे नाही.

औषधाची किंमत ही तर उघडी जखम आहे. जिवंत पेशींत वाढवलेले प्रतिपिंड गोळीसारखे स्वस्तात घडत नाही. तरी भारताने यात वाट दाखवली आहे. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची आपली आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा अशा देशी मोनोक्लोनल औषधांचा रस्ता खुला झाला. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या 'नेक्सकार १९' या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तो मायलोमावरचा नाही, काही लिम्फोमा आणि ल्युकेमियांवरचा आहे. पण त्यातही लक्ष्य ओळखणारा भाग प्रतिपिंडापासूनच घेतलेला असतो आणि परदेशातल्या अशा उपचारांपेक्षा त्याचा खर्च कितीतरी कमी आहे. देशभरच्या कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने औषधांची एकत्रित खरेदी करून दर खाली आणता येतात हेही दाखवले आहे.

अंतराच्या प्रश्नाला मात्र एक उत्तर आजच हाताशी आहे. सुरुवातीला डाराटुमुमॅब शिरेतून देत आणि पहिल्या मात्रेला जवळजवळ सबंध दिवस जाई. २०२० पासून तेच औषध पोटाच्या कातडीखाली तीन ते पाच मिनिटांत देता येते. पहिल्या एक-दोन मात्रांना रुग्णावर बारीक लक्ष ठेवावे लागते, कारण अंग थरथरणे, धाप लागणे असे प्रकार त्याच वेळी जास्त होतात. त्यापुढच्या मात्रांसाठी प्रशिक्षित परिचारिका, तातडीची औषधे आणि डॉक्टर जवळ असले की पुरते. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे आणि टाटा मेमोरियलबरोबर त्याने कर्करोगाच्या तपासणीचे काम केलेले आहे. उपचाराची आखणी परळला व्हावी आणि सुई जिल्ह्यात टोचली जावी, अशी व्यवस्था उभी करायला नवा शोध लागत नाही. दोन्हीकडच्या डॉक्टरांत बोलणे, औषध थंड ठेवणारा शीतकपाट आणि रक्तपेढीपर्यंत पोहोचणारी माहिती एवढे लागते.

फुरशाच्या औषधाच्या बाबतीत हे आपण करून दाखवले आहे. एके काळी त्यासाठीही शहर गाठावे लागे. आज ती कुपी प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी अशी लोकांची अपेक्षा असते आणि नसली तर गाव जाब विचारतो. मायलोमाचे रुग्ण सर्पदंशाच्या रुग्णांपेक्षा फार थोडे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी कोणी जाब विचारत नाही. निदान महिनोन्महिने न थांबणाऱ्या कंबरदुखीबरोबर रक्तही कमी झाले असेल, तर पुढच्या वेळी गोळी मागण्याऐवजी एकूण प्रथिने आणि क्रिएटिनीन तपासून घ्यायला सांगावे. वाचकांपैकी प्रत्येकाला आपल्या घरापुरते एवढे नक्की करता येईल.